जळणाचे दारिद्र्य आणि ग्रामसेवकाचे कर्तव्य

शेतकऱ्याच्या घरी खळ्यावरून किती पोती धान्य आले, त्यातील किती बियाण्याला ठेवले, किती बाजारी गेले व किती वर्षाच्या बेगमीला उरले, याचा हिशेब घरातील लहानथोरांना तोंडपाठ असतो. परंतु ते धान्य शिजविण्यासाठी वर्षभरात किती जळण लागले, ते कोठून आले, त्यासाठी कोणी किती पायपीट केली आणि शेताच्या हक्काचे किती शेण चुलीत गेले, असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. घरात मिळत नाही, तसेच ग्रामपंचायतीच्या दप्तरातही मिळत नाही. ज्या खर्चाची नोंद होत नाही तो खर्च नाहीच, अशी समजूत होऊन बसते. आणि गावाच्या विकास आराखड्यात रस्ता, गटार व सभागृह यांना जागा मिळते, चुलीला मिळत नाही.

समजा, पाच माणसांच्या एका घरात स्वयंपाक व आंघोळीचे पाणी यांसाठी रोज ६ किलो जळण लागते. वर्षाचे सुमारे २२ क्विंटल होतात. ते घर वर्षाला जेवढे धान्य खाते त्याच्या दुपटीहून हे वजन अधिक आहे. धान्य बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून घरी येते. जळणाची मोळी मात्र बहुधा घरातील स्त्रीच्या किंवा मुलीच्या डोक्यावरून येते. हा भार हलका करण्यासाठी गेल्या सत्तर वर्षांत योजना झाल्या नाहीत असे नाही. पण त्यांचे यश नेहमी वाटलेल्या वस्तूंच्या संख्येवरून मोजले गेले. गावपातळीवरील अधिकारी जेव्हा वाटलेल्या चुली व जोडण्या मोजण्याऐवजी प्रत्येक घरावरील जळणाचा भार मोजू लागेल, तेव्हाच या प्रश्नाची तड लागेल.

जळणाचे दारिद्र्य म्हणजे काय

इंग्लंडमध्ये या दारिद्र्याला स्वतंत्र नाव मिळाले आहे. तेथील प्रश्न थंडीचा. गरीब कुटुंबे ज्या जुन्या घरांत राहतात त्यांच्या भिंती, खिडक्या व छपरे यांतून ऊब निघून जाते, आणि पैसे खर्चूनही घर गरम होत नाही. ब्रेंडा बोर्डमन या अभ्यासिकेने १९९१ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. उत्पन्नाचा दहावा हिस्सा खर्च केल्याखेरीज ज्या घराला पुरेशी ऊब मिळत नाही ते घर इंधनाच्या बाबतीत दरिद्री समजावे, असा ठोकताळा त्यानंतर रूढ झाला. १९९५ साली ब्रिटनच्या संसदेने घरगुती ऊर्जाबचतीचा कायदा केला आणि घरांची व्यवस्था पाहणाऱ्या प्रत्येक स्थानिक संस्थेवर आपल्या हद्दीतील घरांत ऊर्जा कशी वाचविता येईल याचा अहवाल तयार करण्याची जबाबदारी टाकली. हे काम स्थानिक संस्थेकडेच का, याचे कारण उघड आहे. कोणते घर गळके, कोणत्या घरी म्हातारी माणसे आणि कोणाचे उत्पन्न तुटपुंजे, हे राजधानीतील खात्याला कळत नाही. गावच्या वा नगराच्या अधिकाऱ्याला कळू शकते.

महाराष्ट्रातील खेड्यांचा प्रश्न उबेचा नसून मुख्यत्वे स्वयंपाकाचा आहे. तरीही त्या अनुभवातील मर्म येथे लागू पडते. इंधनाचे दारिद्र्य तीन गोष्टींनी मिळून होते: घराचे अल्प उत्पन्न, इंधनाची महागाई किंवा टंचाई, आणि उष्णता वाया घालविणारे साधन. इंग्लंडात गळके छप्पर उष्णता वाया घालविते, तर येथे तीन दगडांची उघडी चूल तेच करते. अशा चुलीत जळणातील उष्णतेचा सुमारे दहावा भाग भांड्याला लागतो. उरलेली उष्णता हवेत, दगडांत व धुरात जाते.

आपल्या गावात हे दारिद्र्य कोणत्या घरी आहे, हे ओळखणे कठीण नाही. शेताला खत कमी पडत असूनही ज्या घरी गोवऱ्या थापल्या जातात, जेथे एक वेळ चूल पेटवून दोन वेळचे अन्न उरकले जाते, जेथे मुलगी सरपणासाठी शाळा बुडविते, किंवा जेथे गॅसची शेगडी फडक्याने झाकून ठेवलेली असून सिलिंडर महिनोन् महिने रिकामे असते, ते घर जळणाच्या बाबतीत दरिद्री समजावे.

शेण जाळण्याची किंमत

या प्रश्नाचा शेतीशी असलेला संबंध शेतकरी बंधूंनी नीट ध्यानात घ्यावयास हवा. चार-पाच जनावरांच्या गोठ्यातून दिवसाला सुमारे ५० किलो ओले शेण मिळू शकते. त्याच्या गोवऱ्या थापल्या तर वाळून १० ते १२ किलो भरतात. त्या उघड्या चुलीत जाळल्या की नत्र व सेंद्रिय द्रव्य नाहीसे होते आणि शेताच्या वाट्याला केवळ राख येते.

तेच ५० किलो शेण तितक्याच पाण्यात कालवून २ घनमीटर क्षमतेच्या गोबर गॅस संयंत्रात घातले, तर सुमारे २ घनमीटर गॅस मिळतो. एक घनमीटर गोबर गॅस स्वयंपाकात सुमारे १२ किलो गोवऱ्यांचे काम करतो. म्हणजे त्याच शेणापासून दुप्पट स्वयंपाक होतो, आणि शिवाय बाहेर पडणाऱ्या स्लरीत नत्र बहुतांशी शिल्लक राहते. ही स्लरी सावलीच्या खड्ड्यात साठवून, पाचट व पालापाचोळ्यात मुरवून शेतात नेली, तर उत्तम खत होते. एकदा जाळलेले शेण शेताला पुन्हा मिळत नाही; संयंत्रातून गेलेले शेण चुलीला व शेताला दोघांनाही मिळते.

कापसाच्या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. विदर्भ व मराठवाड्यात पऱ्हाट्या हे गरिबाचे मुख्य जळण. वेचणी संपल्यावर त्या उपटून बांधावर किंवा घरामागे रचून ठेवतात आणि पावसाळ्यापर्यंत जाळतात. परंतु त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढील हंगामात तिचे पतंग त्याच ढिगातून नव्या कापसावर येतात. २०१७ च्या हंगामात या अळीने कापूस उत्पादकांची केवढी हानी केली, हे सर्वांस ठाऊक आहे. पऱ्हाट्या साठवू नयेत, असे कृषी खाते वारंवार सांगते. पण ज्या घरी दुसरे जळणच नाही, त्या घरात हा सल्ला कोण पाळणार? चुलीची सोय केल्याविना शेतातील कीड हटणार नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

मागील अनुभव काय सांगतो

धूर कमी करणारी व जळण वाचविणारी चूल ही काही नवी कल्पना नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी मगन चूल घडविली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीचा पुरस्कार करणारी पुस्तिका १९५३ साली प्रसिद्ध केली. खादी व ग्रामोद्योग आयोगाने साठ सालानंतर तरंगत्या टाकीचे गोबर गॅस संयंत्र गावोगाव पोहोचविले. १९८३ पासून केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ साली तो संपेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या समुचित तंत्रज्ञान संस्थेने लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी यांसारख्या चुली तयार करून कारागिरांना शिक्षण दिले.

इतके होऊनही २००२ नंतर गावात फिरणाऱ्यास त्या चुली फारशा दिसत नसत. त्यांत शास्त्राचा दोष थोडा होता. स्थिर चुलीने जळणातील निदान २० टक्के उष्णता भांड्यास द्यावी, अशी अट होती आणि चांगली बांधलेली चूल ती पुरी करीत असे. दोष हिशेबाच्या पद्धतीत होता. चूल बांधून झाली, फोटो काढला, सही घेतली की उद्दिष्ट पूर्ण होई. तव्याच्या मापाशी चुलीचे तोंड जुळते की नाही, भाकरी शेकावयास पुढे निखारा ओढता येतो की नाही, धुराडे काजळीने बुजले की काय, हे पाहण्यास कोणी परत येत नसे. वर्षभरात धुराडे तुंबे, धूर घरात परते आणि बाई वैतागून चूल फोडीत असे. दप्तरात मात्र ती चूल कायम चालू राही.

सिलिंडर आले, चूल राहिली

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिची आठ कोटीवी जोडणी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. या योजनेने खेड्यातील स्वयंपाकघराचे रूप पालटले, यात संशय नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातील शंभरांपैकी सुमारे ४३ घरेच मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करतात असे आढळले. उज्ज्वलाच्या लाभार्थी घरांत सिलिंडर भरून आणण्याचे प्रमाण २०१९-२० साली वर्षाला सरासरी तीन होते व २०२३-२४ साली ते चारच्या जवळ गेले. पाच माणसांचा सर्व स्वयंपाक गॅसवर होत असेल तर महिना-दीड महिन्याला एक सिलिंडर लागते. यावरून उरलेला स्वयंपाक कशावर होतो हे सांगावयास नको.

याचे कारण अज्ञान आहे असे मानणे अन्यायाचे होईल. मजुरीचे पैसे आठवड्याच्या बाजाराला हाती येतात व त्याच दिवशी मिठामिरचीत जातात. सिलिंडरला मात्र एकरकमी पैसे मोजावे लागतात. वाड्या-वस्त्यांवर वितरकाची गाडी जात नाही. आंघोळीचे पाणी गॅसवर तापविणे कोणालाच परवडत नाही, म्हणून अंगणात बंब किंवा मोठी चूल पेटतेच. गॅसची जोडणी झाली म्हणजे चूल विझली, असे कागदावर मानणारा अधिकारी सुधारित चुलींच्या काळातील तीच चूक नव्या वस्तूच्या बाबतीत करीत आहे.

गावपातळीवर काय करावे

१९६२ साली जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या, तेव्हापासून ग्रामविकासाची यंत्रणा गावाच्या दारापर्यंत आलेली आहे. २०२४ साली ग्रामसेवकाचे पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी असे झाले. गाव मात्र त्यास अद्याप ग्रामसेवकच म्हणते. या अधिकाऱ्याने पुढील चार गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, गावाचे इंधनपत्रक. प्रत्येक घरासाठी एक ओळ पुरे: माणसे किती, जनावरे किती, स्वयंपाक व पाणी तापविणे कशावर होते, सरपण कोठून व किती वेळात आणतात, मागील बारा महिन्यांत किती सिलिंडर आणली, चुलीला धुराडे आहे काय. ही माहिती कुटुंबप्रमुखाच्या नव्हे, तर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या तोंडून घ्यावी. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व बचत गटाच्या भगिनी यांना प्रत्येक घराची चूल ठाऊक असते. त्यांच्या साह्याने हे काम आठवड्यात होऊ शकते. पत्रक वर्षातून दोनदा भरावे. मे महिन्यात पावसाळ्याच्या जळणाची बेगमी दिसते, आणि डिसेंबरात थंडीमुळे बंबाचा खर्च दिसतो.

दुसरी गोष्ट, घरांची विभागणी. सर्वांना एकच वस्तू देण्यात अर्थ नाही. ज्या घरी चार-पाच जनावरे व बारमाही पाणी आहे तेथे गोबर गॅस संयंत्र योग्य. संयंत्र गोठ्याजवळ उन्हाच्या जागी बांधावे, त्यात रोज शेण घालण्याची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरवावे, आणि थंडीत गॅस कमी होतो हेही आधीच सांगावे. नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात विश्वास उडतो. ज्या घरी गॅसजोडणी आहे पण सिलिंडर भरले जात नाही, तेथे बचत गटातून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढण्याची सोय करावी आणि मोठ्या सिलिंडरऐवजी ५ किलोचे सिलिंडर घेता येते याची माहिती द्यावी.

ज्या घरी जनावर नाही, जमीन नाही आणि जोडणीही चालत नाही, ते घर सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून पाहावे. अनुदानाची योजना आली की गोठा असलेला शेतकरी कचेरीत स्वतः येतो; भूमिहीन मजुराची बायको येत नाही. उद्दिष्ट लवकर पुरे करण्याच्या घाईत अधिकारी पहिल्याचा अर्ज घेतो व जळणाचे खरे दारिद्र्य जेथे आहे ते घर मागे राहते. अशा घरासाठी धुराड्याची सुधारित चूल, वाळलेल्या जळणासाठी आडोसा आणि गायरानाच्या मोकळ्या कडेला किंवा सार्वजनिक जागेत सरपणाच्या झाडांची लागवड, ही कामे ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून करण्यास हरकत नसावी. बांधावर गिरिपुष्प लावल्यास हिरवळीचे खत आणि काटक्या दोन्ही मिळतात.

तिसरी गोष्ट, दुसरी भेट. चूल, संयंत्र किंवा जोडणी दिल्यानंतर बरोबर एका वर्षाने त्याच घरी जाऊन ती चालू आहे, बंद आहे की मोडली आहे, याची नोंद करावी. पंचायत समितीकडे जो आकडा जाईल तो केवळ चालू असलेल्यांचा असावा. एका वर्षी दहा चुली बांधून नऊ चालू ठेवणारा ग्रामसेवक, शंभर बांधून दहा चालू असलेल्यापेक्षा श्रेष्ठ मानला जावा. वरिष्ठांनी ही एक रीत पाडली तर कारागीर, पुरवठादार व कार्यकर्ता या तिघांचेही लक्ष आपोआप चुलीच्या टिकाऊपणाकडे वळेल.

चौथी गोष्ट, हे पत्रक ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिला सभेत वाचून दाखवावे. २०१५ पासून ग्रामपंचायती आपला विकास आराखडा स्वतः तयार करीत आहेत, आणि २०२० साली सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात ‘अग्नी’ या तत्त्वाखाली ऊर्जेचाही विचार आहे. जळणाची मागणी महिला सभेच्या ठरावातून आली, तर ती आराखड्यातून वगळणे सोपे जाणार नाही.

घरोघर जाताना ग्रामसेवकाने लहान सूचनाही द्याव्यात, कारण त्यांना पैसे लागत नाहीत. ओल्या लाकडातील उष्णता त्यातील पाणी आटविण्यातच जाते, म्हणून लाकूड बारीक फोडून व पावसाआधी वाळवून आडोशाला ठेवावे. डाळी व कडधान्ये रात्री भिजत घालावीत. भांड्यावर झाकण असावे. वैलावर पाण्याचे भांडे सदैव ठेवावे. धुराडे छपराच्या वर दोन-अडीच फूट असावे व महिन्यातून एकदा झाडावे. ज्या घरी अजून ६० वॅटचा जुना दिवा आहे, तेथे तेवढाच उजेड ९ वॅटच्या एलईडी दिव्याने मिळतो. रोज पाच तास जळल्यास महिन्याला ९ युनिटांऐवजी दीड युनिटाहून कमी वीज लागते.

काही आक्षेप

धुराने छपराच्या लाकडास वाळवी लागत नाही व टांगलेले बियाणे किडत नाही, म्हणून धुराडे नको, असे जाणती माणसे सांगतात. त्यांत तथ्य नाही असे नाही; परंतु वाशांसाठी वाळवीवर दुसरे उपाय आहेत, आणि बियाणे नीट वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवता येते. घरातील धुराने होणाऱ्या विकारांनी २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वासे टिकावेत म्हणून घरच्या लक्ष्मीची फुप्फुसे काळी करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

गॅस घरोघर आला असता चुलीवर श्रम कशास, असा दुसरा आक्षेप. गॅस पूर्णपणे परवडेल तो दिवस लवकर यावा, हे खरेच. पण तोपर्यंत जी चूल रोज पेटते ती वाईट का ठेवावी, याचे उत्तर या आक्षेपात नाही.

तिसरा आक्षेप ग्रामसेवकांचाच आहे. अनेक गावे, अनेक नोंदवह्या आणि रोज नवी बैठक, त्यात हे आणखी एक पत्रक कसे भरावे? हा आक्षेप वरिष्ठांनी मनावर घ्यावयास हवा. जळणाचे पत्रक नव्याने मागावयाचे असेल तर ज्यांचा कोणास उपयोग होत नाही अशा दोन नोंदवह्या आधी बंद कराव्यात. कार्यकर्त्यावर ओझे टाकून घरातील स्त्रीचे ओझे उतरविता येणार नाही.

शेतकरी बंधूंनीही हे काम केवळ शासनाचे समजू नये. आपल्या घरी एक आठवडा जळण वजन करून चुलीत घालावे आणि आकडा भिंतीवर लिहावा. नंतर भांड्यावर झाकण, वाळलेले लाकूड व झाडलेले धुराडे एवढ्याच सुधारणा करून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वजन करावे. जो फरक पडेल तो घरातील प्रत्येकास दिसेल. ज्या गावात असे दहा घरांचे आकडे ग्रामसभेत वाचले जातील, त्या गावाच्या आराखड्यात चुलीला जागा मिळाल्यावाचून राहणार नाही.